पेटीतले आठ दिवस

१

सकाळी उठले की मी आधी टाकीकडे जाते, मग चहाकडे. गेल्या अकरा वर्षांत हा क्रम मोडलेला नाही. रात्रीतून टाकीतलं पाणी बोटभर उडून जातं आणि मीठ मागे राहतं. म्हणून काचेवर लाल चिकटपट्टीची खूण आहे, तिथपर्यंत गोडं पाणी भरायचं. मग तापमान पाहायचं, मग खारेपणा मोजायचा आणि दोन्ही वहीत लिहायचं. रक्त तपासणीच्या लॅबमध्ये सत्तावीस वर्षं काढलेली बाई मी. आकडा लिहिल्याशिवाय मला दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही.

टाकी सहा फुटी, समुद्राच्या पाण्याची. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीतच बसवलेली आहे, दोन्हीकडून काच. हॉलमधून पाहिलं की खडकांच्या आणि प्रवाळांच्या फटींतून पलीकडे ओट्यापाशी हलणारे हात दिसतात. स्वयंपाकघरातून पाहिलं की सोफ्यावर बसलेल्यांचे गुडघे. चेहरे सहसा दिसत नाहीत, मध्ये खडक येतात.

टाकीत बारीक मासे बरेच, पण राज्य एकीचंच. बशीएवढी, गडद जांभळी, पिवळ्या शेपटीची. टँग जातीच्या या माशांना शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक पातं असतं, ऑपरेशनच्या सुरीसारखं. एरवी ते आत मिटलेलं असतं. कोणी आपल्या जागेत शिरलं की शेपटीचा एक झटका, आणि शिरणारा उभा चिरला जातो. आमच्याकडे तीन वर्षांत दोन नवे मासे असे गेले.

माझ्या भाचीने, म्हणजे भावाच्या मुलीने, तिचं नाव ठेवलं आत्याबाई.

"का गं?" मी विचारलं होतं.

"कारण ती सगळ्यांच्या अंगावर धावून जाते, पण मला काही करत नाही."

सगळे हसले. मीही हसले. भाऊ जरा जास्त वेळ हसत राहिला, पण तेव्हा मी तिकडे लक्ष दिलं नाही.

माझं तोंड फटकळ आहे, हे मला माहीत आहे. भावजयीची बहीण महिनाभर राहायला म्हणून आली आणि नवव्या दिवशी गेली. दोन स्वयंपाकवाल्या बायका टिकल्या नाहीत. मी कुणावर सुरी चालवली नाही, बोलले एवढंच. आई गेली तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि भाऊ नऊ. त्याचे डबे, त्याचा ताप, त्याच्या परीक्षा, सगळं मी काढलं. या घराला शिस्त आहे ती माझ्यामुळे. एवढं केलेल्या माणसाने घरात दोन शब्द बोलू नयेत का?

२

नवे मासे आणायची टूम भाचीची. आत्याबाई एकटी आहे, तिला सोबत हवी, म्हणून ती महिनाभर मागे लागली होती. शेवटी मी मास्तरांना घरी बोलावलं. त्यांचं माशांचं दुकान आहे, पण ते मासे कमी विकतात आणि गिऱ्हाइकांना शिकवतात जास्त, म्हणून आम्ही त्यांना मास्तर म्हणतो.

मास्तरांनी टाकीभोवती दोन फेऱ्या मारल्या, चहा घेतला आणि बोटांवर मोजत सांगायला लागले.

"एकटा आणायचा नाही. तीन आणा, म्हणजे राग वाटला जातो. खडकांची जागा बदला, म्हणजे तिला तिचा कोपरा ओळखू येणार नाही. आणि मुख्य म्हणजे जुनीला बाहेर काढा."

"बाहेर म्हणजे?"

"बाहेर म्हणजे टाकीतच हो, पण पेटीत. पारदर्शक पेटी असते, भोकं पाडलेली, आतल्या काचेला अडकवायची. तिला सगळं दिसतं, पोचता मात्र येत नाही. आठ दिवस ठेवा. तेवढ्यात नवे रुळतात, जागा वाटून घेतात. मग तिला सोडलं की तीच पाहुणी!"

"पण घर तर तिचं आहे," मी म्हटलं.

"आहे ना. म्हणून तर एवढा खटाटोप. तिला काही सांगून समजणार आहे का?" मास्तर हसले. "एक सांगतो, पिवळे आणा. तिच्या जातीचा, तिच्या रंगाचा मात्र आणू नका. सारखाच दिसणारा आला की तिला वाटतं, हा माझ्या शेजारी नाही, माझ्या जागीच आलाय. मग दोघांतला एकच उरतो."

भाऊ तेव्हा सोफ्यावर बसून ऐकत होता. अकरा वर्षांत त्याने टाकीबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. पाणी कुठून येतं, हेसुद्धा त्याला माहीत नसेल.

"आपटते का ती पेटीत?" त्याने विचारलं.

"पहिले दोन दिवस. मग गप्प होते."

"आणि खाणं?"

"खाते की. फक्त अंधारात ठेवायचं नाही. उजेड लागतो. अगदी अंधार केला तर खाणं सोडतात."

भावाने मान हलवली. लहानपणी गणित समजलं की हलवायचा तशीच. मला बरं वाटलं. म्हटलं, पठ्ठ्याला उशिरा का होईना, गोडी लागली.

३

बुधवारी सगळ्यांना सुट्टी होती, तेव्हा दुपारी आम्ही तिला पकडलं. तास गेला. खडक एकेक करून बादलीत काढावे लागले, जाळं दोनदा फाटलं आणि शेवटी पेटीत सोडताना तिने शेपटी मारलीच. माझ्या उजव्या तर्जनीवर इंचभर उभा छेद गेला. रक्त पाण्यात गेलं. भावजयीने पट्टी बांधून दिली.

"वन्सं, शोभते बाई तुमचीच," ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो.

खडक आम्ही उलटे रचले. डावीकडची गुहा उजवीकडे, मधली कमान मागे. मग भावाने दुकानातून आणलेल्या पिशव्या सोडल्या. दोन पिवळे निघाले. तिसऱ्या पिशवीतून जांभळी निघाली, पिवळ्या शेपटीची.

"अरे, मास्तर काय म्हणाले होते?"

"दुकानात तीच होती, ताई. तिसरी हवी होती ना?"

"मग दोन आणायचे. ऐकत नाहीस तू."

नवी जांभळी गोल फिरली, पेटीजवळ आली आणि दोघी काचेच्या दोन्ही बाजूंना एकमेकींसमोर थांबल्या. भाची टाळ्या पिटत म्हणाली, "ही नवी आत्या!" मग आत्याबाई आपटायला लागली. टक, टक. पेटीवर तिचं तोंड आपटल्याचा आवाज हॉलभर येत होता.

त्याच संध्याकाळी भावाने माझ्या खोलीचं रंगकाम काढायचं सांगितलं. भिंतीला ओल आली होती, हे खरं होतं. रंगाच्या वासाने माझा दमा उसळतो, हेही खरं.

"तू हॉलच्या गॅलरीत झोप, ताई. काचा लावल्याच आहेत, वरच्या झडपांतून वारा येतो. दार लावून घेतलंस की वास आत येणार नाही. आठ दिवसांचा प्रश्न आहे."

मी हो म्हटलं. कोणीही म्हटलं असतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीचं सरकतं दार ढकलून मी टाकीशी गेले, तर पाणी भरलेलं होतं. बरोबर लाल पट्टीपर्यंत.

भावजय या कामाला कधी हात लावत नाही. मी तरी विचारलं.

"मी नाही बाई. तुम्हीच भरलंत ना मघाशी?"

टँगना रोज सुकं समुद्री शेवाळ लागतं. मी त्याची पट्टी तीनदा दुमडते, एक कोपरा कापते, म्हणजे चिमट्यातून सटकत नाही. ही माझी पद्धत आहे, मास्तरांचीसुद्धा नाही. स्वयंपाकघराच्या बाजूच्या काचेवर चिमटा लावलेला होता, त्यात तीनदा दुमडलेली पट्टी होती आणि तिचा कोपरा कापलेला होता.

वही उघडली. तापमान पंचवीस पूर्णांक सात, खारेपणा पस्तीस. अक्षर माझं. साताच्या पोटात मी आडवी रेघ मारते, ती रेघसुद्धा होती.

मी हाताशी आलेल्या खुर्चीत बसले आणि विचार केला. वय छप्पन्न. झोप नवीन जागेत तुटक झालेली. अर्धवट झोपेत उठून अंगवळणी पडलेलं काम करून परत पडणं अशक्य नाही. लॅबमध्ये एकदा मी एकच नमुना दोनदा तपासला होता आणि दोन्ही वेळा सही केली होती. एवढं मनाला पटवलं आणि उठले, तर गुडघा टेबलावर आपटला. टेबल जिथे असतं तिथे नव्हतं. रंगाऱ्यांसाठी म्हणून सोफा खिडकीकडे गेला होता, कपाट सोफ्याच्या जागी आलं होतं. माझी खुर्ची, टाकीसमोरची, कुठे दिसेना. स्वयंपाकघरातही डबे हलवलेले. माझा कप मला तीन कपाटं उघडल्यावर सापडला, आणि तो आतून ओला होता.

तिसऱ्या दिवशी मी पहाटे उठले. पाणी भरलेलं होतं. चौथ्या दिवशी त्याहून लवकर उठले. तेव्हाही भरलेलं. बोटाची पट्टी सोडवून पाहिली, जखम होती. तिच्यावर बोट दाबलं की दुखत होतं. का कोण जाणे, तेवढ्याने मला धीर आला.

मग खोकला वाढला आणि मी दिवसाही गॅलरीतच राहायला लागले. भाऊ ताट आणून द्यायचा, दार ताटापुरतं सरकवायचा, ताट आत ठेवायचा. "बाहेर वास फार आहे, ताई." त्याने इतकी काळजी माझी आयुष्यात कधी केली नव्हती. मी एकदा भावजयीला म्हटलंसुद्धा, बघ, माझ्या हातचं पोर आहे. ती दुसरीकडे बघत राहिली.

पाचव्या दिवशी दुपारी तो हॉलमध्ये फोनवर बोलत होता. दार बंद होतं, पण शब्द येत होते.

"आपटायची थांबली आत्या... हो, खाते... नाही, मुलीला काही कळलेलं नाही, तिला वाटतं तीच आहे... हो, हो, रुळली. आमच्यापेक्षा तिलाच सगळं माहीत."

मास्तरांशी बोलतोय, मी म्हटलं. टाकीकडे पाहिलं. खरंच, आत्याबाई पेटीत शांत होती. कोपऱ्यात, तोंड खाली करून.

पण मुलीला काय वाटतं? तीच आहे म्हणजे कोण?

५

सातव्या दिवशी सकाळी मी मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, उद्या आठ दिवस होतात. तिला सोडायची कशी, भावाला सांगितलंत का?"

"भावाला? त्यांचा नंबरही नाही हो माझ्याकडे."

"परवा बोललात ना त्याच्याशी? दुपारी?"

"नाही बुवा." मग ते हसले. "परवा तुमचाच आला होता की. घरच्या फोनवरून. विसरलात?"

"मी काय म्हटलं?"

"काय म्हटलंत म्हणजे? नवे छान रुळलेत म्हणालात. पाण्याचे आकडे घडाघडा सांगितलेत. आणि विचारलंत, की जुनीला परत सोडायलाच हवं का."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"तेच, जे सगळ्यांना सांगतो. घरातली शांतता बघा. काही लोक नाही सोडत. देऊन टाकतात कुणाला तरी. बाई, तुमचा आवाज जरा वेगळा येतोय आज. बरं नाही का?"

मी फोन ठेवला. मग बराच वेळ त्या गॅलरीकडे पाहत बसले. तीन बाजूंना काच. चौथीकडे सरकतं दार, तेही काचेचं, आणि त्याची कडी हॉलच्या बाजूला. वर झडपांच्या फटी, ओळीत. दमेकरी बाईला मोकळा वारा मिळावा म्हणून, असं सात दिवस मी स्वतःच स्वतःला सांगत होते.

दुपारी भाची शाळेतून आली. मी काचेवर टकटक केली. ती थबकली, दाराजवळ आली आणि तळहात काचेला लावला. मी माझा लावला. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. गोंधळ होता. तिने मागे स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं, मग परत माझ्याकडे.

"तू इथे कशी?" तिने विचारलं.

"मी इथेच आहे गं. आठवडाभर."

"पण आत्ता तर..." एवढ्यात भावजयीने हाक मारली आणि ती पळाली.

हाताला धरून चालायला शिकवलेली पोर ती. मी रडले, हे लपवत नाही. पण रडतानाही मनात हेच होतं, की तिने "आत्ता तर" म्हटलं. आत्ता तर काय?

६

आठवा दिवस. दुपारी साडेतीन.

मी सामान आवरून बसले होते. वास संपला होता, रंगारी कालच गेले होते. दार ढकललं, ते सरकलं नाही. फुगलं असेल म्हणून खांदा लावला. कडीचा आवाज झाला, लोखंड लोखंडावर आपटल्याचा.

हॉलमध्ये पडदे ओढलेले होते. फक्त टाकीचा निळा उजेड. पंपाची घरघर काचेतूनही जाणवत होती. नवी जांभळी मधल्या कमानीखालून सावकाश फिरत होती, दोन पिवळे तिच्या मागे. पेटीतल्या जुनीने तिच्याकडे पाहिलंही नाही.

मग टाकीच्या पलीकडे, स्वयंपाकघरात, कोणीतरी आलं.

मी आधी भावजयच समजले. पण भावजय समोर सोफ्यावर बसलेली होती, हातातल्या रुमालाची घडी घालत, मोडत. खडकांच्या फटीतून मला राखाडी स्वेटरची बाही दिसली. तो स्वेटर माझ्या खोलीतल्या कपाटात असतो. बाही कोपरापर्यंत वर सारली गेली, डावी आधी, मग उजवी. हात टाकीत उतरले. शेवाळाची पट्टी तीनदा दुमडून, कोपरा नसलेली, चिमट्यात धरलेली. घाई नाही, चुकून कुठल्या प्रवाळाला धक्का नाही. इतकं बिनचूक काम माझं सोडून दुसऱ्या कोणाचं मी पाहिलेलं नाही. नवी जांभळी त्या बोटांतून खायला लागली.

मी त्या उजव्या तर्जनीकडे पाहिलं. निळ्या उजेडात स्वच्छ दिसली. तिला पट्टी नव्हती. जखम नव्हती. वणही नव्हता.

बाहेरचं दार उघडलं. भाची दप्तर टाकून धावत स्वयंपाकघरात गेली.

"आत्या, भूक लागली!"

आणि ते हात पाण्यातून निघाले, रुमालाला पुसले गेले, आणि त्यांनी त्या पोरीचं डोकं छातीशी घेतलं. चेहरा खडकाआड होता. मी दारावर दोन्ही मुठी आपटल्या. टक, टक, टक. सोफ्यावर भावजयीने कानांवर हात ठेवले.

भाऊ आतल्या खोलीतून आला. सरळ माझ्याकडे आला, काचेपाशी उभा राहिला. नऊ वर्षांचा असताना माझी परीक्षानळी फोडून असाच उभा राहिला होता, आणि तेव्हा मी त्याला मारलं नव्हतं, जवळ घेतलं होतं.

"दार उघड," मी म्हटलं. "अरे, मी आहे. तुझी मी कोण आहे?"

"ती ओरडत नाही गं," तो काचेला तोंड लावून हळूच म्हणाला. "आठ दिवसांत एकदाही नाही. घरात सगळे बोलायला लागलेत."

"मी तुला वाढवलं."

"माहीत आहे." त्याने डोळे पुसले. "तिलाही माहीत आहे."

स्वयंपाकघरातून आवाज आला. माझा आवाज. पण त्यात धार नव्हती. माझा आवाज बिनधारेचा कसा लागला असता, ते मी पहिल्यांदा ऐकलं.

"कोणाशी बोलतोयस रे?"

भाऊ माझ्या डोळ्यांत बघत होता. बघता बघताच त्याने उत्तर दिलं.

"कोणाशी नाही, ताई."

मग त्याने गॅलरीचा पडदा ओढायला घेतला. अगदी शेवटपर्यंत आणला आणि थांबला. काहीतरी आठवल्यासारखा. पडदा परत चार बोटं मागे घेतला, उजेड आत यावा म्हणून.